बोल्ट घट्ट होता

१

वेळशेतच्या मच्छीमार सोसायटीची इमारत पश्चिमेला पडली, आणि माझ्या यंत्राच्या नोंदीप्रमाणे तिने तसं पडायला नको होतं.

जानेवारीतल्या एका गुरुवारी दुपारी दोन वाजून एक्केचाळीस मिनिटांनी धक्का बसला. तीव्रता ५.१, केंद्र रेवदंड्याच्या खाडीच्या तोंडाशी, जमिनीखाली चार किलोमीटर. वेळशेत तिथून जेमतेम तीन किलोमीटर उत्तरेला. गावातली कौलारू घरं उभी राहिली, चार-दोन कौलं घसरली इतकंच. दोन वर्षांपूर्वीची सोसायटीची इमारत मात्र बसली. खाली टेम्पो लावायला नुसते खांब, वर कचेरी आणि बर्फाची खोली. खांब मोडले आणि वरचा मजला आख्खाच्या आख्खा समुद्राच्या अंगाला सरकून खाली आला. खाली टेम्पोत विनेश भोईर नावाचा ड्रायव्हर डुलकी घेत होता. साडेतीन तासांनी त्याला बाहेर काढलं. जीव वाचला, पण डावा पाय गुडघ्याखाली कापावा लागला.

आठवडाभरात साइट इंजिनिअर हर्षद म्हात्रेवर गुन्हा दाखल झाला. त्याच्या अटकपूर्व जामिनाची सुनावणी सोमवारी अलिबागच्या कोर्टात होती. त्याआधी चौकशी समितीचा अहवाल तिथे पोचायचा होता, आणि त्या अहवालाचा मुख्य आधार मी दिलेला एक कागद होता.

मी नेत्रा ठाकूर, पेणची. भूभौतिकीत एम.एस्सी. केलं आणि गेल्या वर्षी एका संशोधन प्रकल्पात लागले. या किनाऱ्यावर आम्ही जमिनीची हालचाल टिपणारी तीन यंत्रं बसवली. त्यातलं एक वेळशेतला, ग्रामपंचायतीच्या जुन्या कचेरीमागच्या खोलीत, पडलेल्या इमारतीपासून दीडशे मीटरवर. यंत्र तीन दिशांची हालचाल वेगवेगळी नोंदवतं: उत्तर-दक्षिण, पूर्व-पश्चिम आणि वर-खाली. नोंद फोनच्या नेटवर्कवरून थेट ऑफिसात येते, त्यामुळे दहा महिने मी तिथे पाऊलही ठेवलं नव्हतं.

शनिवारी सकाळी समितीच्या प्रमुख सुचिता घरत यांनी माझा कागद टेबलावर ठेवला. घरत मॅडमनी तीस वर्षं पूल आणि इमारती तपासल्यात.

"हे बघ. खांब नऊ इंच बाय दोन फूट. रस्ता उत्तरेला, टेम्पो उत्तरेकडून आत शिरतात, म्हणून खांबांची लांब बाजू उत्तर-दक्षिण ठेवली. म्हणजे इमारत उत्तर-दक्षिण दणकट आणि पूर्व-पश्चिम लेचीपेची. बरोबर?"

"बरोबर."

"तुझं यंत्र म्हणतं, जमीन जोरात हलली ती उत्तर-दक्षिण. पूर्व-पश्चिम त्याच्या पाव हिस्सासुद्धा नाही. तरी इमारत पडली पश्चिमेला. एवढ्याशा धक्क्याने मोडले म्हणजे खांबच कुजके होते. खांबांवर देखरेख कोणाची? म्हात्रेची. संपलं."

"काँक्रीटचे नमुने?"

"मलबा दोन दिवसांत उचलून भरावात टाकला. आता आहे तो फक्त तुझा कागद."

तो कागद मी चार वेळा तपासला होता. तरी एक गोष्ट मला झोपू देत नव्हती, आणि ती मी मॅडमना तिथेच सांगितली.

"मॅडम, मोठ्या धक्क्यानंतर एकतीस छोटे धक्के आले. तिन्ही यंत्रांवर ते कधी पोचले त्या वेळांवरून मी त्यांच्या जागा काढल्या. त्या सगळ्या एका रेषेत बसतात. रेष उत्तर-दक्षिण आहे. म्हणजे खडकातली जी चीर सरकली, ती उत्तर-दक्षिण आहे."

"मग?"

"अशी चीर आपल्या दिशेने फाटत येते तेव्हा लाटा तिच्या पुढ्यात गोळा होतात आणि एकदमच पोचतात. जमीन थरथरत नाही, एकच मोठा ढकला बसतो. आणि तो ढकला चिरेला आडवा असतो. म्हणजे इथे तो पूर्व-पश्चिम असायला हवा."

मॅडमनी चष्मा काढला. "पण तुझ्याच यंत्राने उत्तर-दक्षिण नोंदवलाय. पुस्तक आणि नोंद यांत भांडण झालं, तर मी कुणाचं ऐकू?"

"नोंदीचं."

"मग?"

"मग मला एकदा यंत्र बघून येऊ द्या."

२

खोली उघडायला मनुबाई आल्या. पन्नाशी ओलांडलेल्या, पदर खोचलेला, कमरेला चाव्यांचा जुडगा. ग्रामपंचायतीची झाडलोट त्या करतात. यंत्र बसवलं त्या दिवशी चहा त्यांनीच दिला होता.

"आलीस काय बाय! किती दिसांनी! म्हटलं, मशीन ठेवून इसरली."

"कसं विसरेन? धक्का बसला तेव्हा कुठे होतात?"

"बाजारात व्हते. मासलीची पाटी अशी उडाली. चल, आधी चाय पी."

"आधी मशीन."

कोपऱ्यात यंत्र जागेवर होतं. मोठ्या डब्याएवढं लोखंडी खोकं, मधोमध एका जाड बोल्टने फरशीत पक्कं केलेलं. झाकणावर उत्तरेचा बाण. बाणाच्या शेपटाकडच्या बाजूला हिरवा दिवा, यंत्र चालू असल्याचा. दिवा जळत होता. त्याच्या खाली खोक्याला हळदीकुंकवाचं बोट लावलेलं. मला हसू आलं. गावात नव्या मोटारपंपालाही लावतात.

मी होकायंत्र काढलं. बाण उत्तरेला होता, पण नेमका नाही. आठ अंश डावीकडे.

बसवताना मी एका अंशाचाही फरक ठेवला नव्हता. तशी नोंद माझ्या वहीत आहे. पहिला विचार आला की भूकंपाने फिरलं असेल. बोल्ट ढिला झाला की खोकं थोडं वळतं.

मी बोल्टला हात घातला. तो हलेना. पिशवीतला पाना काढून जोर लावला, तरी तसूभर हलला नाही.

भूकंप बोल्ट ढिला करू शकतो. पण ढिला करून, खोकं फिरवून, पुन्हा आवळून ठेवत नाही.

"मनुबाई, इथे कुणी आलं होतं का? मशीनला हात लावला?"

"न्हाय गो. कुनी न्हाय आला." त्या दाराशी उभ्या होत्या, आत येत नव्हत्या. "मी झाडते ती बी लांबनं."

"चाव्या कुणाकुणाकडे असतात?"

"एक तुझ्याकडं. एक माझ्याकडं." त्यांनी जुडगा पदरात घेतला. "आन एक त्या म्हात्र्याकडं. हर्षदकडं. त्याची मोजायची दुर्बीण हितं असायची ना, बांधकाम चालू व्हतं तवा. चावी परत दिलीच न्हाय त्यानं."

३

मी बाहेर येऊन किनाऱ्यावर गेले. विचार करायला उघड्यावर बरं वाटतं.

बोंबील सुकवायच्या वलांड्या वाळूत उभ्या होत्या. दोन-दोन बांबू रोवलेले, त्यांच्यावर आडवी काठी, आणि काठीवर जबड्यात जबडा अडकवून जोडीजोडीने लटकवलेले बोंबील. काही रांगा किनाऱ्याला समांतर होत्या, काही आडव्या. केसरबाई नावाची कोळीण त्यांतले सुकलेले उतरवत होती.

"भूकंपात पडल्या का हो या?"

"पडल्या म्हंजे? निम्मा माल वालूत गेला. वालूचा बोंबील कोन घेतो? तू घेशील?"

"निम्म्या पडल्या? सगळ्या नाही?"

"न्हाय ना. ह्या बग." तिने हाताने किनाऱ्याला समांतर रांगा दाखवल्या. "ह्या सगल्या पडल्या, दर्याच्या अंगाला. आन त्या आडव्या रांगा, त्यांची येक काठी न्हाय हलली. माझ्या जावेच्या हायत त्या. तवापासून सांगत फिरते, देवीला माझं पटलं म्हनून वाचल्या."

मी वाळूतच बसले आणि वहीत चित्र काढलं. वलांडी तिच्या लांबीच्या दिशेने ढकलली तर पडत नाही, कारण दोन बांबू आणि काठी एकमेकांना धरतात. आडवी ढकलली तर पडते. किनारा इथे सरळ उत्तर-दक्षिण. समांतर रांगा पडल्या, तर ढकला पूर्व-पश्चिम होता. जावेच्या रांगांना तो लांबीच्या दिशेने बसला.

म्हणजे पुस्तकाच्या बाजूने शंभरेक बांबू साक्ष देत होते, आणि विरुद्ध बाजूला एकटं माझं यंत्र.

"एकदमच पडल्या की हळूहळू?"

"धाडकन. येकच डाव."

मागे गाडीचा हॉर्न वाजला. पांढऱ्या गाडीतून धनेशशेठ उतरले. इमारतीचे ठेकेदार. हर्षदने खाडीची खारी वाळू वापरली, असा जबाब पोलिसांना त्यांनीच दिला होता.

"काय नेत्रा मॅडम, बोंबील घेता का? कोर्टाची पार्टी वाटतं!"

"शेठ, मलबा दोन दिवसांत का उचलला?"

"अरे, रस्त्यावर आला होता ना सगळा. अँब्युलन्स जाईना, टेम्पो जाईना, सोसायटीवाले बोंबलायला लागले. ठेवला असता तर तुम्हीच बोलला असता, का ठेवला."

"खारी वाळू तुम्ही डोळ्यांनी पाहिली?"

"पाहिली म्हणजे... मॅडम, सिंपल आहे. इमारत पडली. कुणीतरी काहीतरी केलं असणार. मी तर साइटवर नसायचोच. त्या दिवशी पण पुण्याला होतो, रात्री पोचलो. मग उरलं कोण?"

म्हणजे त्यांनी काही पाहिलं नव्हतं. तेही माझ्यासारखेच उलट्या बाजूने निघाले होते, पडलेल्या इमारतीपासून माणसाकडे.

४

विनेश अलिबागला हॉस्पिटलात होता. मला वाटलं होतं एकटाच भेटेल. खाटेशेजारी स्टुलावर एक बारीक, दाढी वाढलेला तरुण थर्मासमधून चहा ओतत होता.

"या मॅडम," विनेश म्हणाला. "हे आमचे आरोपी. रोज दोन टाइम चाय घेऊन येतात. पोलीस शोधत असले तर इथंच सापडतील."

"गप रे," हर्षद म्हणाला.

मी ओळख सांगितली. हर्षदचा हात थांबला. माझ्याच कागदामुळे तो कोर्टात उभा राहणार होता, हे त्याला ठाऊक होतं. तरी त्याने माझ्यासाठी कप पुसला.

"विनेश, धक्का कसा होता ते सांगशील? थरथर होती की कसं?"

"थरथर न्हाय. मी शिटावर आडवा. कुणीतरी टेम्पोला बगलेतून एकच मारला, असा." त्याने तळहाताने उशी बाजूला ढकलली. "मागनं ट्रकनं ठोकल्यावर कसं पुढं जातो आपण, तसं. फक्त बाजूला. मला वाटलं कुणी बेवडा येऊन धडकला. शिवी पण दिली. मग वरचं खाली आलं."

"टेम्पोचं तोंड कुठे होतं?"

"रस्त्याकडं. बाहेर काढायला बरं."

टेम्पोचं तोंड उत्तरेला, ढकला बगलेतून. पुन्हा पूर्व-पश्चिम.

"आणि खांब तसे का ठेवले माहितीये?" विनेश हसला, पण डोळे छताला होते. "मीच बोललो होतो. ह्याच्या ड्रॉइंगमध्ये चौकोनी जाडे खांब होते. आरसे घासायचे गाड्यांचे. आम्ही दहा ड्रायव्हर सोसायटीत जाऊन भांडलो. खांब बारीक करा नायतर मासळी डोक्यावर न्या."

"डिझायनरने बदलून दिलं, नियमात बसत होतं," हर्षद हळू म्हणाला. "मी सही केली. वाळू मात्र नदीची होती, मॅडम. गाडीगणिक मी मुठीत घेऊन बघायचो. पण हे आता कुणाला दाखवू?"

"तुझ्याकडे यंत्राच्या खोलीची चावी आहे?"

त्याने खिशातून किल्ल्यांचा जुडगा काढून लगेच एक चावी वेगळी केली. "आहे. दुर्बीण कधीच नेली, चावी राहिली. का?"

मी का ते सांगितलं नाही. चावी घेतली आणि बाहेर पडले. एवढ्या सहजपणे चावी देणारा माणूस एक तर निर्दोष असतो, नाहीतर फार हुशार. माझ्या विषयात असा फरक मोजायचं साधन नाही.

५

उरलेली दुपार मी नोंदी उघडून बसले.

मोठ्या धक्क्यानंतरचे एकतीस छोटे धक्के एकाच चिरेवरचे, म्हणून वेळशेतला सगळ्यांचा ढकला साधारण एकाच दिशेत दिसायला हवा. मी ते वेळेप्रमाणे मांडले. पहिले बारा उत्तर-दक्षिण. तेरावा पूर्व-पश्चिम. चौदावाही. तिथून पुढे शेवटपर्यंत पूर्व-पश्चिम.

बाराव्या आणि तेराव्याच्या मध्ये, चार वाजून पंचवीस मिनिटांनी, यंत्रावर सहा मिनिटं ठोकाठोकी दिसत होती. ती भूकंपाची नव्हती. लोखंडावर लोखंड.

मी मॅडमना फोन लावला.

"म्हणजे सव्वाचारनंतर कुणीतरी यंत्र फिरवलं," त्या म्हणाल्या. "पण मोठा धक्का त्याच्या आधीचा. ती नोंद शाबूत आहे."

"उलट, मॅडम. आता बाण जवळजवळ उत्तरेला आहे. म्हणजे चार पंचवीसनंतरच्या नोंदी बरोबर. आधीच्या चुकलेल्या. मोठा धक्का बसला तेव्हा यंत्र काटकोनात फिरलेलं होतं, आणि नंतर कुणीतरी ते सरळ करताना आठ अंश चुकला."

पलीकडे कागद उलटल्याचा आवाज आला. मग त्या म्हणाल्या, "आणि चावी म्हात्रेकडे आहे. नेत्रा, सरकारी वकील काय म्हणेल माहितीये? इमारत पडली, आरोपी धावत खोलीत गेला, यंत्राशी खेळला. हे दाखवून तू त्याला सोडवत नाहीस, पुरावा बिघडवल्याचं दुसरं कलम लावतेस. कोणी फिरवलं, कधीपासून आणि कशासाठी, हे सांगता आलं तरच कोर्टात ये."

कधीपासून, हे शोधणं सोपं निघालं. वेळशेतच्या सरळ उत्तरेला, दोन किलोमीटरवर खडीची खाण आहे. मंगळवारी आणि शुक्रवारी दुपारी तिथे सुरुंग उडतो. सुरुंगाचा पहिला धक्का जमिनीला सरळ खाणीपासून दूर ढकलतो, म्हणजे आमच्याकडे उत्तर-दक्षिण. मी गेल्या दहा महिन्यांतले सुरुंग एकेक करून पाहिले. मंगळवार, अठरा नोव्हेंबरपर्यंत सगळे उत्तर-दक्षिण. शुक्रवार, एकवीस नोव्हेंबरपासून पूर्व-पश्चिम.

मधले तीन दिवस चाळले. बुधवारी, एकोणीस तारखेला, संध्याकाळी सहा दहाला तीच ठोकाठोकी. नऊ मिनिटं.

६

रविवारी सकाळी मी वहीत मांडणी केली.

नोव्हेंबरात जानेवारीचा भूकंप कुणालाच माहीत नव्हता. ज्याने यंत्र फिरवलं त्याचा खटल्याशी संबंध नव्हता. इमारत तर तेव्हा उभी होती.

भूकंपाच्या दिवशी चार पंचवीसला धनेशशेठ वेळशेतला पोचलेही नव्हते. आणि हर्षद? मी विनेशला फोन केला.

"हर्षद? तो कुठं जाणार?" विनेश म्हणाला. "साडेतीन तास माझा हात धरून पालथा पडला होता फटीत. मी बोललो, मुतायला तरी जा. गेला न्हाय. पन्नास माणसं होती बघायला."

हर्षदच्या चावीशिवाय खोलीत शिरू शकेल, अशी एकच व्यक्ती उरली. पण कशासाठी? खोकं पाऊण नाही, अर्धं नाही, बरोबर काटकोनात फिरवलं होतं. काटकोनात फिरवून काय बदलतं?

मी यंत्राचं चित्र काढलं. बाण उत्तरेला. बाण पश्चिमेला. मी सारखी बाणाकडे बघत होते, कारण मला बाणाशीच काम असतं. मग मी बाण खोडला आणि जे उरलं ते पाहिलं. उरला दिवा. बाण उत्तरेला असताना दिव्याचं तोंड दक्षिणेला. बाण पश्चिमेला फिरवला की दिव्याचं तोंड पूर्वेला.

वेळ सहा दहा. नोव्हेंबरातली दिवेलागण.

मी वेळशेतला पोचले तेव्हा मनुबाई अंगणात तांदूळ निवडत होत्या. मी सुपाशेजारी बसले. बराच वेळ दोघी खडे काढत राहिलो.

"मनुबाई, एकोणीस नोव्हेंबरला काय झालं होतं?"

त्यांचे हात थांबले. "तुला कसं कललं?"

"मशीनने सांगितलं."

"मेली मशीन. सगला सांगते?" त्यांनी सूप बाजूला सारलं. "चंदर गेलेला दर्यात. माझा पोरगा. तीन दिस झाले, होडी न्हाय, फोन न्हाय. चौथ्या सांजंला मी कचेरी झाडायला गेले. बघते तर तुझा दिवा. दक्षनेला तोंड करून. इतके म्हैने मी रोज बघत व्हते, ध्यानातच न्हाय आला. तूच बोललेलीस, मनुबाई, हा दिवा जलतोय तवर मशीन जिवंत, इझू द्यायचा न्हाय. आन असा दिवा कुनी दक्षनेला ठेवतं व्हय? यमाचा दिवा तो! वर्सातनं येक दिस लावायचा. तू पेनची ना? तुला येवडं बी न्हाय म्हाईत?"

मला माहीत होतं. मी फक्त त्याला दिवा समजत नव्हते.

"मग पाना?"

"चंदरचाच. होडीच्या इंजिनाचा. लय घट्ट व्हता बोल्ट, हात सोलला माझा. फिरवला उगवतीकडं, कुंकू लावला, परत आवळला. आन दुसऱ्या दिशी चंदर आला."

"कसा आला?"

"इंजिनात पानी गेल्याला. दुसऱ्या होडीनं वढून आनला." त्यांनी माझ्याकडे रोखून पाहिलं. "ती दुसरी होडी कुनी धाडली, ते नको इचारू मला."

मी विचारलं नाही. "आणि धक्का बसल्यावर परत फिरवला."

त्यांचे डोळे भरले. "विनेशचा वरडना ऐकला मी. मला वाटलं, मीच केला. भुईतली मशीन ती, हालवली म्हनून भुई हालली. धावत गेले, व्हता तसा ठेवला. पन तवर..." त्यांनी पदर तोंडाला लावला. "बाय, खरं सांग. माझ्यामुलं गेला त्याचा पाय?"

"नाही."

"नक्की?"

"जमीन चार किलोमीटर खाली फाटली. तिथे आपला कुणाचाच पाना पोचत नाही. तुमच्यामुळे फक्त माझा कागद चुकला. आणि तोही निम्मा माझ्यामुळे. हात का लावायचा नाही, हे मी तुम्हाला कधी सांगितलंच नाही."

"आन हर्षद? कागदामुलं त्याला धरनार?"

"धरणार होते."

त्या उठल्या, घरात गेल्या, तोंड धुऊन, धुवट पातळ नेसून बाहेर आल्या. "चल. कुठं सांगायचं हाय?"

७

सोमवारी कोर्टाच्या आवारात घरत मॅडमनी माझं निवेदन उभ्यानेच वाचलं. सुरुंगांच्या तारखा, बारावा आणि तेरावा धक्का, वलांड्या, विनेशचा जबाब. मनुबाई बाकावर ताठ बसल्या होत्या.

"यंत्राची दिशा बदलली याला जबाबदार म्हणून तू स्वतःचं नाव लिहिलंयस," मॅडम म्हणाल्या.

"यंत्र माझं. दहा महिन्यांत एकदाही दिशा तपासली नाही. राखणाऱ्याला अर्धीच गोष्ट सांगितली. मनुबाईंनी काय केलं तेही खाली लिहिलंय, पण गुन्हा म्हणून नाही."

"प्रकल्पाचे लोक तुला सोडतील?"

"माहीत नाही."

त्यांनी पेन काढलं, स्वतःच्या अहवालाचं शेवटचं पान फाडलं आणि नवं लिहायला घेतलं. मी खांद्यावरून वाचत होते. जोराचा एकच ढकला, इमारतीच्या नेमक्या कमजोर दिशेत. नियमाप्रमाणे बांधलेले असे खांब या ढकल्याने मोडू शकतात. खांबांचा माल निकृष्ट होता, असं उपलब्ध पुराव्यावरून म्हणता येत नाही.

सरकारी वकिलांनी मनुबाईंना पाच प्रश्न विचारले. पाचव्याला त्या म्हणाल्या, "सायेब, तुमी तरी दक्षनेला ठिवाल काय?" वकील खाली बघून कागद लावू लागले. जामिनाला त्यांनी हरकत घेतली नाही.

हर्षद पायऱ्या उतरून आला. मनुबाईंनी त्याच्या पाठीवर एक धपका मारला आणि विनेशला बघायला म्हणून निघून गेल्या.

"म्हात्रे," घरत मॅडमनी हाक मारली. "असेच नऊ इंची खांब, खाली मोकळं, लांब बाजू उत्तर-दक्षिण. या किनाऱ्यावर असं आणखी काय काय बांधलंयस?"

हर्षद बोटं मोजू लागला. "रेवसच्या रस्त्याला एक गोडाऊन. नागावला दोन बंगले, बंद असतात. एक हॉल..." चौथ्या बोटावर त्याचा अंगठा थांबला.

"राहतं घर कोणतं आहे त्यात?" मी विचारलं. छोटे धक्के अजून थांबले नव्हते. त्या पहाटेही एक आला होता.

"पाचवं आमचंच," तो म्हणाला. "खाली गाडी, वर आई-आण्णा. त्या दिवशी खांबांच्या डोक्याला भेगा पडल्यात. मी गिलावा सुटला समजलो."

त्याने फोन लावला होता. तिकडून येणारा आवाज आम्हालाही ऐकू येत होता, आई विचारत होती जामीन मिळाला का.

"मिळाला. आई, ऐक. आण्णांना घे आणि खाली अंगणात ये. ... नाही, गॅस बंद कर आणि ये. ... अगं मिळाला म्हटलं ना! पेढे नंतर. आधी खाली ये."

मॅडम गाडीचं दार उघडून उभ्या होत्या. हर्षदने फोन कानाला तसाच धरून पुढची सीट गाठली.

"उतरलीस?" तो विचारत होता. "आण्णा? ते पण? ... नाही, जिन्यात थांबू नका. लांब, आंब्याखाली. हां. आता तिथून हलू नका."